श्रेय लाटते ती काळजी

माझी एक मैत्रीण आहे. तिच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. अडलेलं काम तिच्याकडे सोपवा, ती ते तडीस नेणारच, अशी तिची ख्याती. एकदा रात्री तिच्याकडे बसले होते. साडेदहाच्या सुमारास तिने एक मेल पाठवला, चार ओळींचा. पाठवण्याआधी तो सात वेळा वाचला. मी मोजलं, कारण मला दुसरा उद्योग नव्हता. एका ठिकाणचं 'कृपया' काढलं, परत घातलं. शेवटी एकदाचा पाठवला. सुटलो म्हणून मी उठणार, तर बाईसाहेब 'सेंट'मध्ये जाऊन तोच मेल उघडून पुन्हा वाचत होत्या.

"अगं, गेला ना तो? आता वाचून काय करणार?"

"काही राहिलं असेल तर लगेच दुसरा पाठवता येतो."

त्याच फोनवर तिच्या मावशीचा एक मेसेज अकरा दिवस पडून होता. 'कशी आहेस गं? जमेल तेव्हा फोन कर.' एवढाच. उत्तर द्यायला वीस सेकंद लागली असती. मावशीवर तिचा जीव आहे. पण तो मेसेज दिसला की तिला म्हणे थकल्यासारखं होतं, आणि ती फोन पालथा ठेवते.

सात वेळा वाचलेला मेल आणि अकरा दिवस पडून राहिलेला मेसेज. मला ज्याविषयी लिहायचंय ते बहुतेक सगळं या दोन गोष्टींत आहे. पहिल्या गोष्टीला हल्ली सगळेच अँग्झायटी, म्हणजे चिंता, म्हणतात, दुसरी ही बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने आतून जळून जाण्याची, एक जुनी खूण. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात आणि त्याच वेळी त्या माणसाचं काम झकास चाललेलं असतं. त्यामुळे कोणाच्याच काही लक्षात येत नाही. त्याच्या स्वतःच्या तर सगळ्यात उशिरा.

कावळा आणि फांदी

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. काळजी वाटणं हा काही बिघाड नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा आला नसता तर आपल्यापैकी निम्मे लोक अभ्यासाला बसलेच नसते. मात्र या धाकाचा उपयोग कुठवर होतो, हा प्रश्न फार जुना आहे. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकी संशोधकांनी उंदरांना दोन खोक्यांतून योग्य खोकं निवडायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. दोन खोक्यांतला फरक ठळक होता तोवर झटका जितका जोरदार, तितके उंदीर लवकर शिकले. फरक बारीक केल्यावर मात्र मध्यम झटक्यालाच ते सगळ्यात चांगले शिकले आणि जोरदार झटक्याने उलट गोंधळले. या प्रयोगावरून माणसांबद्दल नको तेवढे निष्कर्ष काढले गेलेत. पण त्यातली एक गोष्ट रोजच्या अनुभवाशी जुळते. ठोकळेबाज कामाला धाक चालून जातो, बारकाव्याच्या कामात तो आड येतो.

आता हुशार माणसाच्या आयुष्याकडे बघा. पाढे, व्याख्या, सनावळ्या, प्रवेश परीक्षा. इथपर्यंत भीतीने त्याला उत्तम साथ दिलेली असते. पंचविशी-तिशीनंतर कामाचा पोतच बदलतो. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायचा असतो, माणसं सांभाळायची असतात, कशाला नाही म्हणायचं ते ठरवायचं असतं. इथे बारीक फरक ओळखायचे असतात. पण हाताशी हत्यार मात्र तेच जुनं, धाकाचं. ते चालेनासं झालं की आपण त्याचा जोर वाढवतो. दुसरं हत्यार आपण कधी वापरलेलंच नसतं.

याहून वाईट भानगड हिशोबाची आहे. मोठं काम समोर आलं की काळजी सुरू होते. त्या पोटी माणूस तयारी करतो, जरुरीपेक्षा दुप्पट करतो. काम चांगलं होतं, लोक कौतुक करतात. आता या यशाचं श्रेय कोणाला? खरं म्हणजे तयारीला, अनुभवाला, बुद्धीला, थोडंफार नशिबाला. पण आतल्या वहीत नोंद होते ती अशी: 'बघ, काळजी केली म्हणून निभावलं.' कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर लोक कावळ्याच्या वजनाची चर्चा करतात. इथे तो कावळा प्रत्येक वेळी त्याच फांदीवर येऊन बसतो, मग शंका तरी कशी यावी?

माझ्या मैत्रिणीच्या मेलचंच घ्या. पहिल्या वाचनात एक चूक सापडली, दुसऱ्यात एक शब्द सुधारला. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत काहीही बदललं नाही (ते 'कृपया' सोडून). म्हणजे ही पाच वाचनं मेलसाठी नव्हतीच, ती छातीतली धडधड कमी करण्यासाठी होती. मानसशास्त्रात अशा कृतींना सुरक्षा-वर्तन म्हणतात. पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये त्यातली मेख नेमकी दाखवली. भीती खोटी आहे हे कळण्यासाठी एकदा तरी त्या कृतीवाचून राहून बघावं लागतं, आणि ती कृती तेवढंच होऊ देत नाही. दोनदा वाचून पाठवलेल्या मेलचं काय होतं हे तिला ठाऊकच नाही. तिने तसा कधी पाठवलेलाच नाही.

१९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामावर एक निबंध लिहिला. पदव्या, मानसन्मान सगळं असूनही या बायकांना मनातून वाटत होतं की आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस उघडे पडणार. हाच तो 'इम्पोस्टर' अनुभव. पुढे तो पुरुषांमध्येही भरपूर आढळला. क्लान्सने त्याचं चक्र मांडलं ते पाहण्यासारखं आहे. खूप तयारी करून यश मिळालं तर माणूस म्हणतो, 'मर मर मेहनत केली म्हणून जमलं, हुशार असतो तर एवढी लागली नसती.' टाळाटाळ करून शेवटच्या रात्री काम उरकलं आणि तरी यश मिळालं, तर म्हणतो, 'नशीब.' दोन्हीकडून त्याच्या स्वतःच्या खात्यात शून्य. म्हणून यश कितीही साठलं तरी धीर साठत नाही. बढती मिळाली त्या संध्याकाळी माझी मैत्रीण म्हणाली होती, "आता यांच्या अपेक्षा वाढणार." मी पेढा तोंडात घालणार होते, तो हातातच राहिला.

नापास होणाऱ्या मुलाकडे शिक्षकांचं लक्ष जातं, घरचे चौकशी करतात. पहिल्या येणाऱ्या घाबरट मुलाला टाळ्या मिळतात. तो पुढे चाळीस वर्षांचा होतो आणि टाळ्या चालूच राहतात. 'हाय-फंक्शनिंग अँग्झायटी', म्हणजे काम झकास चालू असताना आत चाललेली चिंता, हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ते कुठल्याही वैद्यकीय यादीतलं निदान नाही, लोकांनी सोयीने पाडलेलं नाव आहे. निदान असतं ते व्यापक चिंताविकाराचं. निम्म्याहून जास्त दिवस आवरता न येणारी काळजी, ती किमान सहा महिने चाललेली, आणि सोबत अस्वस्थपणा, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांपैकी काही. त्यात आणखी एक अट असते: यामुळे माणसाला लक्षणीय त्रास व्हायला हवा, किंवा रोजचं जगणं अडायला हवं. 'किंवा' हा शब्द यशस्वी माणसं वाचतच नाहीत. 'माझं काही अडलेलं नाही' म्हणून ती मोकळी होतात.

फार हसलं की रडावं लागतं

लहानपणी आपण खिदळायला लागलो की घरातलं कोणीतरी म्हणायचंच, "फार हसू नका, रडायची पाळी येईल." या वाक्यात चिंतेचा एक आख्खा सिद्धांत दडलाय हे मला फार उशिरा कळलं.

मिशेल न्यूमन आणि सँड्रा येरा या संशोधकांनी २०११ मध्ये असं मांडलं की सतत काळजी करणाऱ्याला दुःखापेक्षा जास्त भीती वाटते ती घसरण्याची. आनंदात असताना अचानक वाईट बातमी यावी, तो धक्का त्याला नको असतो. मग उपाय काय? आधीपासूनच थोडं वाईट वाटून घ्यायचं. मन सतत आवळून ठेवलं की पडायची वेळ आली तरी फार उंचावरून पडावं लागत नाही. आणि वाईट बातमी आलीच नाही, तर जो हायसेपणा येतो तो वर बक्षीस. काळजीला आणखी एक गुण मिळतो.

'जरा रिलॅक्स हो' हा सल्ला त्यामुळेच अशा माणसाला टोचतो. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं की कित्येकांची धडधड उलट वाढते. ती माणसं नाटकं करत नसतात. पहाऱ्यावरच्या शिपायाला तुम्ही झोपायला सांगताय, आणि आपण झोपलो की नेमका दरोडा पडणार अशी त्याची पक्की समजूत आहे.

सुट्टीचंही तेच. सुट्टीने माणूस ताजातवाना होतो हे खरं. पण तो परिणाम कामावर परतल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत विरून जातो, असं अभ्यासांत वारंवार आढळलंय. शिवाय सुट्टीत शरीर कुठे आहे यापेक्षा मन कामातून बाहेर पडलंय का, याला जास्त महत्त्व. जाबीने झोननटाग या जर्मन संशोधिकेचं अर्धं आयुष्य याच प्रश्नावर गेलं. तिने दाखवलेली विचित्र गोष्ट अशी की ज्याच्यावर कामाचा ताण जास्त, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सगळ्यात जास्त, त्यालाच मन कामातून काढून घेणं सगळ्यात कमी जमतं.

शरीराचं थोडक्यात सांगते. धोका दिसला की अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, पाठोपाठ कॉर्टिसोल, ही दोन्ही ताणाची हार्मोनं. हृदय जोरात पळतं, पचन मागे पडतं, स्नायू ताठ होतात. वाघ मागे लागला तर हे फार कामाचं. हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून तीन पायऱ्या सांगितल्या: आधी धोक्याची घंटा, मग नेटाने तोंड देणं आणि ताण हटलाच नाही तर शेवटी गळाठणं. मधली पायरी फसवी असते. त्या काळात सगळं निभावतंय असंच दिसतं. मेलला दात-नखं नसतात, पण शरीराला ते कोण सांगणार? सकाळी जबडा दुखतो (रात्रभर दात आवळलेले असतात), मान धरते, पहाटे साडेतीनला टक्क जाग येते आणि कोणाला काय सांगायचं राहिलंय याची यादी डोळ्यांपुढून सरकायला लागते.

इथे एक इशारा देऊन ठेवते. 'अ‍ॅड्रिनल फटीग' (ताणाने हार्मोनच्या ग्रंथी थकतात म्हणे) नावाच्या आजारावर चूर्णं आणि गोळ्या विकणारे ठिकठिकाणी भेटतात. हार्मोनतज्ज्ञ असा काही आजार मानत नाहीत. पैसे वाचवा.

थकवा, शीण आणि उबग

थकवा झोपेने जातो. शीण एका झोपेने जात नाही. आणि उबग आला की माणसाला झोपसुद्धा नको वाटते, काहीच नको वाटतं. मराठीने हे तीन शब्द वेगळे ठेवलेत ते बरं केलं. बर्नआउट म्हणजे थकवा असं समजून लोक रविवारी बारापर्यंत झोपतात आणि सोमवारी तसेच उठतात.

हा शब्द मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी, १९७४ च्या एका लेखातून. नाझी जर्मनीतून मुलगा असताना निसटलेला हा माणूस न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ झाला. दिवसभर स्वतःचे रुग्ण, आणि संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत एका मोफत दवाखान्यात सेवा. अंमली पदार्थांनी पोखरलेल्या माणसांसाठी तेव्हा रस्त्यावर 'बर्न-आउट' हा शब्द होताच. फ्रॉयडनबर्गर यांना तो दवाखान्यात राबणाऱ्या सहकाऱ्यांना लागू पडताना दिसला, आणि मग स्वतःलाही. कुटुंबासोबत सुट्टीवर निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना. पुढे त्यांनी स्वतःचं बोलणं टेपवर रेकॉर्ड करून एखाद्या रुग्णाचं ऐकावं तसं ऐकलं. त्यांचं एक निरीक्षण आजही खरं आहे: जळून जाण्याचा धोका आळशाला नसतो, तो झोकून देणाऱ्याला असतो. अर्थात बरोबरच आहे. जे पेटलंच नाही ते विझणार कसं?

पुढे क्रिस्टिना मास्लाख आणि सुझान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन धागे आहेत. पहिला भावनिक शीण. दुसऱ्याला तुसडेपणा म्हणता येईल: ज्यांच्यासाठी काम करायचं तीच माणसं नकोशी वाटणं. रुग्ण म्हणजे 'तीन नंबरचा बेड', विद्यार्थी म्हणजे 'तो गठ्ठा'. तिसरा धागा 'मी जे करते त्याचा काय उपयोग' ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याच तीन धाग्यांवर बर्नआउटची व्याख्या केली. ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मात्र संघटनेने दोन गोष्टी स्पष्ट केल्यात: बर्नआउट हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी स्थिती आहे, आणि हा शब्द कामापुरताच वापरायचा. आता घरी आजारी आईवडिलांचं करून करून पिचलेल्या माणसाला मी काय म्हणू? व्याख्या काहीही म्हणो, त्याचा शीण मला ओळखीचा वाटतो.

कर्तबगार माणसांत या तीन धाग्यांचा क्रम जरा वेगळा दिसतो. काम सगळ्यात शेवटी घसरतं. तिथे लोक बघत असतात ना! आधी घसरतं ते जिथे कोणी गुण देत नाही ते सगळं. मावशीचा मेसेज. रियाझ. झाडांना पाणी. जोडीदार काही सांगत असताना 'हं' म्हणणं. मूल चित्र दाखवायला आलं की 'छान' म्हणून झाल्यावर चित्राकडे बघणं. ऑफिसात कोणाला विचाराल तर म्हणतील, "त्यांना काय झालंय? परवाचं प्रेझेंटेशन काय झालं त्यांचं!" घरच्यांना विचारा.

आणि एक गोष्ट फार कमी जण उघड बोलतात. 'छोटासा अपघात व्हावा, पाय मोडावा, आठ दिवस हॉस्पिटलात पडून राहता यावं.' हा विचार मी एकाहून अधिक यशस्वी माणसांच्या तोंडून ऐकलाय, हसत हसत सांगितलेला. सुट्टी मागायची लाज वाटते, प्लॅस्टरची वाटत नाही. हा विनोद तुमच्या मनात दुसऱ्यांदा आला तर त्याच्याकडे नीट बघा.

मराठीत म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ती ताठर माणसासाठी वापरतात, पण बर्नआउट झालेल्या कर्तबगार माणसाचं इतकं हुबेहूब वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही. आतला दोर जळून राख झालेला असतो, फक्त आकार तोच असतो, पीळ तोच असतो. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, दोर शाबूत आहे.

माणसाचा दोष की कामाचा?

दोन्ही बाजूंनी थोडं बोलायला हवं. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेचा हट्ट तीन प्रकारांत मांडला. स्वतःकडून अचूकपणाची अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा आणि 'जगाला माझ्याकडून अचूकपणाच हवाय' ही समजूत. तब्येतीला सगळ्यात जास्त जाचतो तो तिसरा. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक कॉलेजविद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली उत्तरं एकत्र तपासली तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, आणि सर्वाधिक वाढला होता तोच तिसरा.

म्हणून सगळं माणसाच्या स्वभावावर ढकलायचं का? मला ते पटत नाही. मास्लाख आणि मायकल लायटर यांनी कामाच्या सहा बाबी सांगितल्या, ज्यांत बिघाड झाला की धडधाकट माणूसही पिचतो: कामाचा बोजा, स्वतःच्या हातातलं नियंत्रण, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. मी पूर्वी जिथे नोकरी करत होते तिथे बर्नआउटवर उपाय म्हणून ध्यानधारणेचं शिबिर ठेवलं होतं. संध्याकाळी साडेसात वाजता, हजेरी सक्तीची. घाण्याचा बैल दमला म्हणून त्याला प्राणायाम शिकवायचा आणि घाणा तसाच ठेवायचा, यातला प्रकार.

तरीही गंमत अशी की नोकरी बदलली, बोजा कमी झाला, तरी काही माणसं सहा महिन्यांत नव्या जागी तोच घाणा उभा करतात. काळजीला श्रेय द्यायची आतली पद्धत बदललेली नसते.

मग करायचं काय

सगळ्यात आधी रक्त तपासा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. यांतलं काही बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो. घोरणं जास्त असेल आणि दिवसा झोप अनावर होत असेल तर झोपेत श्वास अडकतोय का हे डॉक्टरांना विचारा. छातीत दुखतंय तर 'अँग्झायटीच असेल' असं घरी बसून ठरवू नका, आधी हृदय तपासून घ्या. बर्नआउट आणि नैराश्य यांची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की त्यांची निवड आपण आपली करू नये. एक ढोबळ खूण मात्र आहे. कामापासून लांब गेल्यावर चार दिवसांत आवडीच्या गोष्टी परत आवडायला लागल्या तर बर्नआउट असण्याची शक्यता जास्त. कुठेच, कशातच, कोणातच मन रमत नसेल तर नैराश्याची. 'मी नसले तर बरं होईल' असं वाटू लागलं असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं आणि डॉक्टर गाठायचा. मीटिंग संपल्यावर नव्हे.

उपचारांत विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी थेरपी, म्हणजे सीबीटी, चिंतेसाठी चांगली पारखलेली आहे. औषधं लागली तर त्यात कमीपणा नाही. चिंता आणि नैराश्यासाठी नेहमी देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात.

पण मला जास्त बोलायचंय ते त्या हिशोबाच्या वहीबद्दल. श्रेय चुकीच्या खात्यात जातंय, तर नोंदीच तपासायला हव्यात. पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात असा प्रयोग झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. व्यापक चिंताविकार असलेल्या २९ जणांनी दहा दिवस आपल्या काळज्या लिहून काढल्या, अगदी 'अमुक होईल' अशा स्वरूपात. मग ३० दिवसांपर्यंत त्यांतल्या किती खऱ्या ठरल्या ते तपासलं. ९१ टक्क्यांहून अधिक खऱ्या ठरल्याच नाहीत. अभ्यास लहान आहे, मान्य. पण आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांच्या काळज्या जास्त प्रमाणात खोट्या निघाल्या, त्यांना उपचारांचा गुणही जास्त आला. म्हणजे नुसतं 'काळजी करू नकोस' ऐकून उपयोग होत नाही, ती खोटी पडताना स्वतःच्या अक्षरात बघावी लागते.

याच्या जोडीला मुद्दाम थोडं कमी करून बघायचं. सात वेळाऐवजी दोनदा वाचून पाठवायचं. दहा स्लाइडऐवजी सहा. बैठकीत एका प्रश्नाला 'मला आत्ता माहीत नाही, उद्या सांगते' म्हणायचं. सुरुवात जिथे चुकलं तरी फारसं बिघडणार नाही अशा ठिकाणी करायची. शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा विमानाच्या कॉकपिटमध्ये हा प्रयोग नको, हे सांगायला हवं का? पहिल्या दोन-तीन वेळा जीव टांगणीला लागतो. तो आपोआप खाली येतो, हे शरीराला अनुभवानेच कळतं. वाचून कळत नाही, हा लेख वाचूनसुद्धा नाही.

पहाटेच्या यादीवर एक साधी गोष्ट आहे. २०१८ च्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या-परवाची कामं लिहून काढणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. मी करते. कागदावर, फोनवर नाही.

आणि उबग आलेल्या गोष्टींचं? इथे 'मनापासून वाटेल तेव्हा करू' हा नियम उलटा करावा लागतो. मन आधी येत नाही, ते मागून येतं. माझ्या मैत्रिणीने मावशीला फोन केला तो इच्छा झाली म्हणून नव्हे, दहा मिनिटांचा गजर लावून. मावशी पस्तीस मिनिटं बोलली, त्यातली वीस स्वतःच्या गुडघ्यांविषयी. हिने म्हणे फक्त हुंकार दिले. फोन ठेवल्यावर कसं वाटलं, विचारलं तर म्हणाली, "काही विशेष नाही. पण पोटात भूक लागल्यासारखं झालं, बऱ्याच दिवसांनी."

काळज्यांच्या नोंदींची अशी एक वही माझ्या मैत्रिणीनेही ठेवलीय, ती मी तिच्या परवानगीने पाहिली. तीन रकाने आहेत: काय कमी केलं, काय होईल असं वाटलं, काय झालं. तिसऱ्या आठवड्यातली एक नोंद अशी. पहिल्या रकान्यात, 'बैठकीचा मेल दोनदाच वाचून पाठवला.' दुसऱ्यात, 'काहीतरी घोळ राहिला असणार. सगळ्यांना वाटेल माझं लक्ष उडालंय. वरपर्यंत जाईल.' आणि खरोखरच घोळ राहिला होता. शुक्रवारच्या जागी तिने गुरुवार लिहिलं होतं.

तिसऱ्या रकान्यात लिहिलंय: 'एकाने विचारलं, शुक्रवारी ना? मी लिहिलं, हो.'